बागेचा ट्रॅक्टर लोडर उचलेल, पण पेलेल का?

ट्रॅक्टरवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला आणि आमच्या नाशिकच्या निफाड-दिंडोरीकडे छोट्या ट्रॅक्टरच्या गप्पा पुन्हा रंगल्या. ज्यांच्या द्राक्षबागेत असा ट्रॅक्टर आधीपासून आहे, ते मात्र वेगळंच विचारतात: याला पुढून लोडर, म्हणजे माल भरून उचलणारी बकेट, बसेल का? विचारण्याचं कारणही तसंच आहे. एप्रिलच्या खरड छाटणीच्या आगेमागे बोदांवर, म्हणजे वेलींच्या मातीच्या उंच वरंब्यांवर, शेणखत टाकायचं असतं, खताचा ढीग बांधावर पडलेला असतो आणि घमेल्याने ते वाहायला माणसं मिळत नाहीत.

मी नाशिकच्या अंबडला फॅब्रिकेशनच्या, म्हणजे लोखंडकामाच्या, शॉपमध्ये काम करतो, त्यामुळे नातेवाईक हा प्रश्न घेऊन माझ्याकडे येतात. माझ्या चुलतभावाने, दादाने, मला न विचारता एका ठिकाणाहून लोडर बसवून घेतला होता. पहिल्याच आठवड्यात मी शेतावर गेलो. ढिगातून बकेट भरून तो बांधावरून खाली उतरत होता, आणि मागचं डावं चाक जमिनीपासून वीतभर सुटलं. ट्रॅक्टर पुढे सरकायचा थांबला आणि ते चाक हवेत नुसतं फिरत राहिलं. दादाने घाबरून बकेट खाली टाकली म्हणून निभावलं. उतरल्यावर त्याचं पहिलं वाक्य होतं, "अरे, उचललं तर आरामात होतं!"

उचललं होतं हे खरंच. ट्रॅक्टरला ते पेललं नव्हतं.

आपण नेमकं काय जोडतो?

लोडरचे भाग मोजके आहेत. बोनेटच्या दोन्ही बाजूंनी जाणारे दोन लोखंडी हात, म्हणजे आर्म. त्यांच्या टोकाला बकेट. हात वर-खाली करणारे दोन जॅक आणि बकेट कलती करणारे एक किंवा दोन जॅक. जॅक म्हणजे हायड्रोलिक सिलिंडर, तेलाच्या दाबावर लांब-आखूड होणारी नळी. हे सगळं ट्रॅक्टरच्या मधल्या भागावर दोन खांब उभे करून टांगलेलं असतं. चोवीस-सत्तावीस एचपीच्या ट्रॅक्टरला साजेसा लोडर बकेटसकट दोनशे किलोंच्या आसपास भरतो. म्हणजे खताचा एक दाणा भरायच्या आधीच ट्रॅक्टरच्या नाकावर तीन माणसं बसलेली असतात.

"माहितीपत्रकात उचल ७५० किलो लिहिलीय की!"

सगळ्यात मोठा गैरसमज हा. चोवीस एचपीच्या कित्येक ट्रॅक्टरांची उचल ७५० किलो दिलेली असते, पण ती मागच्या लिफ्टची असते. माती भुसभुशीत करणारा रोटाव्हेटर जिथे टांगतो, तिथली. तो भार मागच्या धुरीच्या, म्हणजे चाकांच्या आसाच्या, जवळ असतो आणि मागची धुरी त्यासाठीच जाड केलेली असते. पुढच्या लोडरशी त्या आकड्याचा काही संबंध नाही.

जॅकची ताकद पाहिली तर फसायला होतंच. ५० मिलिमीटर व्यासाच्या जॅकचं क्षेत्रफळ १९.६ चौरस सेंटिमीटर. तेलाचा दाब दर चौरस सेंटिमीटरला १५० किलो धरला तर एक जॅक जवळजवळ ३,००० किलोंनी ढकलतो, दोन मिळून ६,०००. आर्म लांब असतात आणि जॅक त्यांच्या मुळाशी लागतो, त्यामुळे बकेटपाशी त्यातला आठवा हिस्साच पोचला असं धरा. तरी ७०० किलोंच्या वर जोर शिल्लक राहतो. तेल बिचारं सगळं उचलायला तयार असतं. ज्या पुढच्या धुरीवर हे सगळं येऊन बसतं, तिला कुणी विचारलेलं नसतं.

बैलगाडीचा हिशोब

बैलगाडी भरताना घरातलं मोठं माणूस हमखास ओरडायचं, भार मधे घ्या. भार मागे गेला की गाडी उलाळ होते, पुढे गेला की बैलांच्या मानेवर येतो. चाकांचा आस हा टेकू, आणि दोन्ही बाजूंचा भार त्यावर तोलायचा. लोडर लावलेल्या ट्रॅक्टरमध्ये पुढची धुरी म्हणजे हा टेकू.

एक उदाहरण आकड्यांनी करू. ट्रॅक्टर ८०० किलोंचा, त्यातले ३२० किलो पुढच्या चाकांवर आणि ४८० मागच्या. पुढच्या-मागच्या धुरीतलं अंतर १.५५ मीटर. लोडरचं वजन २०० किलो, त्याचा भार पुढच्या धुरीच्या ४० सेंटिमीटर पुढे येतो असं धरा. बकेटमध्ये २०० किलो माती, तीही धुरीपासून १.२ मीटर पुढे.

आता दोनशे आणि दोनशे मिळून चारशे किलो पुढच्या चाकांवर वाढले, इतकंच कुणीही म्हणेल. पण तरफेमुळे मागच्या चाकांवरचे आणखी २०६ किलो उचलले जाऊन तेही पुढे येतात. पुढची चाकं ३२० वरून थेट ९२६ किलोंवर जातात, म्हणजे जवळजवळ तिप्पट. मागची ४८० वरून २७४ वर उतरतात.

हे झालं सपाट जमिनीवर, ट्रॅक्टर उभा असताना. बकेट वर नेता नेता आर्म जेव्हा आडवे, जमिनीला समांतर होतात, तेव्हा बकेट ट्रॅक्टरपासून सगळ्यात लांब जाते. म्हणून मागची चाकं सगळ्यात हलकी होतात ती बकेट बोनेटच्या उंचीवरून जाताना. जमिनीवरून उचलताना सगळं ठीक वाटलं आणि मधेच ट्रॅक्टरने नाक टेकलं, ते यामुळे. खाली येणारी बकेट खटकन थांबवली तर तो झटका क्षणभर भाराच्या दुप्पट होऊन धुरीवर बसू शकतो.

मागचं चाक हलकं होणं एवढं वाईट का, असं दादाने मला तेव्हाच विचारलं. सहसा छोट्या ट्रॅक्टरचे ब्रेक फक्त मागच्या चाकांना असतात. मागे भार नाही म्हणजे ब्रेक दाबला तरी चाक घसरणार. फोर व्हील ड्राइव्ह असेल आणि तो लावलेला असेल, तर पुढची चाकं गिअरबॉक्सशी जोडलेली राहतात आणि थोडा आधार मिळतो. टू व्हील ड्राइव्हच्या बागेच्या ट्रॅक्टरला लोडर लावूच नये, या मताचा मी आहे. त्याची पुढची धुरी रोटाव्हेटर मागे लावून सरळ चालण्यापुरतीच केलेली असते.

मागे वजन टांगलं की पुढचं ओझं उतरतं, ते कसं?

कोजागिरीला सप्तशृंगगडावर कावडी निघतात, त्या ज्यांनी खांद्यावर घेतल्या आहेत त्यांना हे सांगावं लागणार नाही. एकाच टोकाला पाणी असेल तर कावड पेलवत नाही. दुसऱ्या टोकाला तेवढंच पाणी भरलं तर एकूण ओझं दुप्पट होतं, पण चालता येतं.

ट्रॅक्टरच्या मागे टांगायच्या वजनाला काउंटरवेट म्हणतात. वरच्याच उदाहरणात मागच्या धुरीच्या ८० सेंटिमीटर मागे, लिफ्टच्या दांड्यांवर, २०० किलो टांगून बघा. मागच्या चाकांवर ५७७ किलो येतात, म्हणजे ३०३ ने वाढ. आणि पुढच्या चाकांवरचा भार ९२६ वरून ८२३ वर येतो. ट्रॅक्टर एकूण दोनशे किलोंनी जड झाला, पण पुढची धुरी शंभर किलोंनी हलकी झाली.

यासाठी विकतचं काही लागत नाही. छोटा रोटाव्हेटर मागे लावून जमिनीपासून अधांतरी उचलून ठेवला तरी काम होतं. दोनशे लिटरच्या लोखंडी ड्रममध्ये अर्ध्याहून थोडं कमी काँक्रीट ओतलं की ते दोनशे किलो भरतं. लिफ्टच्या पिना त्यात आधीच बसवून घ्यायच्या. आणि बोनेटच्या पुढे कंपनीची वेटं लावलेली असतील, तर लोडर लावण्याआधी ती उतरवा. रोटाव्हेटर चालवताना पुढचं टोक उचलू नये म्हणून ती असतात. लोडरबरोबर ती उलटं काम करतात. दादाच्या ट्रॅक्टरवर ती तशीच होती.

"टायरमध्ये पाणी भरलंय, मग वजन कशाला?"

टायरमधलं पाणी मागच्या चाकाला जमिनीवर दाबून धरतं, त्याने पकड आणि ब्रेक सुधारतात. ते जरूर भरा. पण ते वजन नेमकं धुरीवरच बसतं, धुरीच्या मागे जात नाही. त्यामुळे पुढच्या धुरीवरचा एक किलोही कमी होत नाही. टायरमधलं पाणी मागचं चाक वाचवतं, टांगलेलं वजन मागचं चाकही वाचवतं आणि पुढचा हब, म्हणजे चाकाचा तुंबाही.

"मागे फवारणीचा ब्लोअर असतोच की," असंही ऐकतो. ओढायचा ब्लोअर स्वतःच्या चाकांवर उभा असतो, त्याचा फार थोडा भार ट्रॅक्टरवर येतो. लिफ्टवर टांगलेली टाकी चालेल, पण पाणी हिंदकळतं आणि फवारणी करून टाकी रिकामी झाली की वजनही गेलं.

ट्रॅक्टरला चेसी नसते

आता माझ्या धंद्यातली गोष्ट. ट्रकला खालून लांब लोखंडी चेसी असते, इंजिन तिच्यावर ठेवलेलं असतं. बहुतेक ट्रॅक्टरांना ती नसते. इंजिन, त्याला बोल्टने जोडलेलं क्लच हाउसिंग, त्याला गिअरबॉक्स, त्याला मागची धुरी, असे बिडाचे, म्हणजे ओतीव लोखंडाचे, डबे एकमेकांना जोडून ट्रॅक्टरचा कणा तयार होतो. बीड दाबाला खंबीर असतं, पण वाकवायला गेलं की तडकतं.

लोडर पुढच्या बाजूला चार बोल्टवर अडकवून दिला, की बकेटचा सगळा जोर इंजिन आणि क्लच हाउसिंगच्या सांध्यावर येतो. प्रत्येक बकेटला तो सांधा थोडासा उघडतो आणि मिटतो. दादाचा ट्रॅक्टर मी टॉर्च घेऊन खालून पाहिला. क्लच हाउसिंगच्या सांध्यावर तेलाची एक काळी रेघ आली होती आणि तिच्यावर लाल धूळ चिकटून जाड झाली होती. पाना लावला तर दोन बोल्ट हाताच्या जोराने फिरले. उजव्या पुढच्या हबच्या सीलमधूनही तेल झिरपत होतं. हे सगळं एका आठवड्यात झालं होतं.

यावर उपाय सबफ्रेमचा. लोडरच्या खांबापासून ट्रॅक्टरच्या पोटाखालून मागच्या धुरीच्या घरापर्यंत दोन्ही बाजूंनी लोखंडी चॅनल न्यायचे आणि पुढेही बांधायचे. म्हणजे जोर बिडातून न जाता या चॅनलमधून मागे पोचतो. ट्रकची चेसी आपण उसनी आणतो म्हणा ना. ही सबफ्रेम कंपनीने दिलेल्या बोल्टच्या भोकांवरच बसली पाहिजे. बिडाच्या हाउसिंगला वेल्डिंग करून पट्टी चिकटवतो म्हणणाऱ्याकडे ट्रॅक्टर ठेवू नका. बीड वेल्डिंगच्या उष्णतेने शेजारीच तडकतं, आणि ती तडक रंगाखाली दिसत नाही. सबफ्रेमचं वेल्डिंग ट्रॅक्टरपासून बाजूला, टेबलावर करायचं. काही कारणाने ट्रॅक्टरवर करावंच लागलं तर आधी बॅटरीच्या दोन्ही वायरी काढायच्या.

मागपर्यंत सबफ्रेम आहे का, हा एकच प्रश्न विचारून लोडर घ्यायचा की नाही ते निम्मं ठरवता येतं. दुकानात लोडर रंगवून ठेवलेला असतो, बकेट चकचकीत असते, आणि आपण बकेटची जाडी ठोकून बघतो. वाकून ट्रॅक्टरखाली बघायला हवं.

तेलाचा रस्ता

ट्रॅक्टरच्या पंपातून तेल निघतं, लिफ्टकडे जातं आणि टाकीत परत येतं. लोडरसाठी या वाटेत दोन लिव्हरचा व्हॉल्व्ह घालावा लागतो, एक आर्मसाठी आणि एक बकेटसाठी. लोडरचा जॅक दोन्हीकडून तेल घेणारा, म्हणजे डबल अ‍ॅक्टिंग असतो.

चूक होते ती व्हॉल्व्हच्या जोडणीत. व्हॉल्व्हला तीन तोंडं हवीत: तेल आत घेणारं, टाकीत मोकळं सोडणारं, आणि दाबासकट लिफ्टकडे पुढे पाठवणारं. तिसरं तोंड नसलेला व्हॉल्व्ह स्वस्त मिळतो आणि मग टाकीकडचं तोंडच लिफ्टला जोडून देतात. ठिबकच्या लाइनवर सगळे व्हॉल्व्ह बंद ठेवून मोटर चालू केली तर कुठलं तरी फिटिंग उडतं, तसंच इथे होतं. जो कप्पा दाब सोसायला केलेलाच नाही, त्यात पूर्ण दाब येतो आणि सील फुटतं किंवा व्हॉल्व्हच तडकतो. कुकरच्या शिट्टीसारखा जादा दाब सोडणारा रिलीफ व्हॉल्व्हही त्यात हवा. तो आवळून दाब वाढवून देणारे असतात. त्यांना नको म्हणा.

वेगाचा हिशोब सोपा आहे. ५० मिलिमीटरचे, ४० सेंटिमीटर चालणारे दोन जॅक पूर्ण उघडायला साधारण दीड लिटर तेल लागतं. पंप मिनिटाला २० लिटर देत असेल तर पाच सेकंद. खत भरायला एवढा वेग पुरे.

"अमेरिकेतल्या व्हिडिओत तर याहून छोटे ट्रॅक्टर लोडर चालवतात"

चालवतात. पण त्यातले बरेचसे कारखान्यातूनच लोडरचा विचार करून निघालेले असतात. पुढची धुरी जाड, सबफ्रेमची जागा ठरलेली, स्टिअरिंग पॉवरचं, आणि पुष्कळदा क्लचशिवाय पायाच्या पेडलवर पुढे-मागे होणारी हायड्रोस्टॅटिक गाडी. लोडरचं काम म्हणजे तासभर सतत पुढे-मागे. आपल्या छोट्या ट्रॅक्टरांत हे सगळं क्लच दाबून करावं लागतं आणि क्लच प्लेट लवकर जाते. पॉवर स्टिअरिंग नसेल तर नऊशे किलोंच्या भाराखाली उभ्या ट्रॅक्टरचं चाक वळवून बघा, खांदे भरून येतात आणि स्टिअरिंगचे सांधे झिजतात.

ट्रॅक्टर आडवा का होतो?

पुढची धुरी मधोमध एका पिनेवर झुलते, म्हणून खड्ड्यात एक चाक उतरलं तरी ट्रॅक्टर सरळ राहतो. याचा अर्थ ट्रॅक्टर चार पायांचा दिसला तरी उभा असतो तिवईसारखा: मागची दोन चाकं आणि पुढची पिन. बकेट भरून उंच नेली की वजनाचा मध्य वर आणि पुढे सरकतो, तिवईच्या अरुंद टोकाकडे. तिथून एका बाजूला कलायला बांधाचा उतार पुरतो. म्हणून भरलेली बकेट घेऊन जाताना ती जमिनीपासून फूटभरच वर ठेवायची. उतारावर बकेट नेहमी चढाच्या बाजूला हवी: चढताना सरळ, उतरताना रिव्हर्समध्ये. दादा त्या दिवशी तोंड खाली करून उतरत होता.

आर्म वर जाताना बकेट आपोआप मागे कलते, हेही लक्षात असू द्या. तिच्यात ड्रम किंवा क्रेट असतील तर ते आर्मवरून घरंगळत चालवणाऱ्याच्या अंगावर येतात. बकेट सुट्या मालासाठी आहे. आणि वर उचललेल्या आर्मखाली कुणीही, कधीही, पाना द्यायलासुद्धा जायचं नाही. तेलाची एक होज (नळी) फुटली की आर्म थांबत नाहीत.

आरटीओ, विमा, वॉरंटी

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे वाहनाच्या मूळ नोंदीपेक्षा वेगळा बदल करता येत नाही. म्हणून लोडर पिना आणि बोल्टवर काढता-घालता येणाराच घ्या, आणि आरटीओत एकदा विचारून घ्या. विमा कंपनीला लेखी कळवा, डीलरकडून वॉरंटीबद्दल लेखी घ्या. तोंडी "काही होत नाही" चालणार नाही.

भुईकाट्यावर जा

माझं गणित उदाहरणाचं आहे, तुमच्या ट्रॅक्टरचं खरं वजन बाजार समितीबाहेरच्या भुईकाट्यावर कळेल. लोडर लावून, बकेट भरून आणि जमिनीला न टेकवता खालीच ठेवून, फक्त पुढची चाकं काट्यावर घ्या. मग फक्त मागची. पुढचा आकडा माहितीपुस्तकात दिलेल्या पुढच्या धुरीच्या कमाल भाराशी आणि टायरच्या कडेवर छापलेल्या क्षमतेशी ताडून बघा. टायरवरची क्षमता एका टायरची असते आणि ठरलेल्या हवेवरच लागू असते, हवा कमी असेल तर ती उरत नाही.

बकेटमध्ये काय भरता, त्यावर पुष्कळ अवलंबून आहे. दीडशे लिटरच्या बकेटमध्ये कोरडं शेणखत ऐंशी किलोंच्या आसपास बसतं, ओली माती किंवा मुरूम दोनशे चाळीस. शेणखत आरामात वाहिलं म्हणून मुरमाच्या ढिगाला जाऊन भिडायचं नाही.

"मग जेसीबीच बोलवला तर?"

ट्रॉल्या भरायला, खड्डे घ्यायला, मुरूम पसरायला जेसीबीच बोलवा. पण नऊ फुटी ओळींच्या बागेत तो जाऊ शकत नाही. ढिगापासून ओळीच्या तोंडापर्यंत आणि आत बोदापर्यंत खत न्यायचं काम छोट्या लोडरचं आहे, आणि ते तो चांगलं करतो. बागेत वळताना मात्र लोडरमुळे ट्रॅक्टर तीन-चार फुटांनी लांब झालेला असतो. ओळीच्या टोकाला जमिनीत गाडलेले तारांचे ताण आधी बघून ठेवा.

दादाचा लोडर आम्ही काढून आणला. क्लच हाउसिंगचे बोल्ट बदलले, हबचं सील नवीन घातलं, मागच्या धुरीपर्यंत दोन चॅनल नेले आणि बकेटची वरची कड चार इंच कापली, म्हणजे जादा भरायचा मोहच नको. पुढची वेटं आता गोठ्यात पडली आहेत. मागे काँक्रीटचा ड्रम टांगल्याशिवाय लोडरची पिन घालायची नाही, असं दादाने मुलाला सांगून ठेवलंय. परवा फोनवर त्याने सांगितलं की सांध्यावर पुन्हा तेलाची रेघ दिसते का, ते तो दर रविवारी कोरड्या फडक्याने पुसून बघतो.